गोव्यात कॅम्परव्हॅनमधली गरम पाण्याची आंघोळ: 10 लिटरचा हीटर पुरतो का?

कॅम्परव्हॅनसाठी पाण्याचा हीटर घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो लिटरचा. दहा, चौदा की बावीस? गोव्यासाठी उत्तर आधीच देऊन टाकतो: दोन माणसांना 10 लिटरची टाकी पुरते, चौघांना 14 लिटरची. याहून मोठं काही घेणं म्हणजे गाडीत वजन आणि सिलिंडरमधला गॅस फुकट घालवणं. मात्र तीच टाकी चुकीच्या पंपाला आणि चुकीच्या नळाला जोडली, तर बावीस लिटरचा हीटरही अर्ध्या आंघोळीत गार पाणी देईल. म्हणून या परीक्षणात हीटरइतकीच जागा त्याच्या आजूबाजूच्या नळ्यांना आणि व्हॉल्व्हना दिली आहे.

आधी हिशेब. परदेशी माहितीपत्रकातले आकडे 10 ते 15 अंशांवर टाकीत येणारं पाणी धरून काढलेले असतात. गोव्याच्या किनारपट्टीवर डिसेंबरातही गाडीच्या टाकीतलं पाणी 25 अंशांच्या आसपास असतं. दिवसभर उन्हात उभ्या गाडीत त्याहून जास्त. आंघोळीला 39 अंश पुरतं, दमट हवेत तर त्याहून कमीच बरं वाटतं. म्हणजे पाणी जेमतेम 13-14 अंशांनी वर न्यायचं आहे.

10 लिटर पाणी 65 अंशांपर्यंत तापवलं आणि 26 अंशांच्या पाण्यात मिसळलं, तर 39 अंशांचं 30 लिटर पाणी तयार होतं. गार पाणी 10 अंशांचं असतं तर त्याच टाकीतून फक्त 19 लिटर निघालं असतं. अर्थात 30 हा कागदावरचा आकडा. गरम पाणी बाहेर पडताना तळातून गार पाणी आत शिरतं आणि थोडं मिसळतंच, त्यामुळे हातात तीन-चतुर्थांश, साधारण 22 लिटर येतं. शॉवर मिनिटाला 4 लिटर देणारा असेल आणि साबण लावताना बंद ठेवला, तर एका माणसाला 14 लिटर लागतात. केस धुवायचे असतील तर वीसच्या पुढे. एकामागून एक दोघांच्या आंघोळीला लागतात 28 लिटर, आणि 22 च्या वरचा तो फरक बर्नर चालू ठेवला की तेवढ्या वेळात भरून निघतो.

या मापाचे जे हीटर भारतातल्या कॅम्परव्हॅन बांधणाऱ्यांकडे दिसतात, त्यांत ट्रुमा कंपनीचा 10 लिटरचा बॉयलर हा नमुना म्हणून घेऊ. गॅसवर 1500 वॅट, विजेवर 850 वॅट, म्हणजे दोन्ही आकडे घरच्या गिझरपुढे केविलवाणे वाटतील असे. गोव्यात मात्र तेवढं भागतं. गॅसवर 26 पासून 65 अंशांपर्यंत जायला वीस-बावीस मिनिटं, विजेवर 35 ते 40. गॅस ताशी 120 ग्रॅम खातो, म्हणजे एक टाकी तापवायला सुमारे 44 ग्रॅम. 5 किलोच्या छोट्या सिलिंडरमधून, स्वयंपाक वेगळा धरला तर, शंभरावर टाक्या तापतात. गॅसचा दाब 30 मिलिबार लागतो आणि आपला घरगुती रेग्युलेटर जवळपास तेवढाच देतो, त्यामुळे जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी, बदलण्याचा खटाटोप सहसा पडत नाही. तरी हीटरच्या पट्टीवरचा दाब वाचूनच जोडणी करावी.

याची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे बंद ज्वलनकक्ष. जळायला लागणारी हवा गाडीच्या बाहेरून येते आणि धूर बाहेरच जातो. आतल्या हवेशी बर्नरचा काही संबंध नाही. दुसरी गोष्ट, विजेचा 850 वॅटचा घटक, म्हणजे पाणी तापवणारी कॉइल, लिथियम बॅटरी आणि 1500 वॅटच्या इन्व्हर्टरवरही चालतो. 12 व्होल्टच्या बाजूला सुमारे 75 अँपिअर ओढले जातात आणि एक टाकी तापवायला 44 ते 50 अँपिअर-तास खर्च होतात. 200 अँपिअर-तासांच्या बॅटरीचा हा जवळजवळ पाव हिस्सा. गोव्यातल्या ऑक्टोबर ते मे या उन्हात छतावरच्या 400 वॅटच्या पॅनेलला हे जड नाही. पावसाळ्यात मात्र पॅनेलच्या भरवशावर राहू नये.

उणी बाजू: किंमत. आयात आणि कर धरून हा हीटर घरगुती गिझरच्या कितीतरी पट महाग पडतो. सुटे भाग गोव्यात दुकानात मिळत नाहीत. रबरी वायसर, ठिणगी देणारा इलेक्ट्रोड आणि फ्यूज गाडीतच ठेवावे लागतात. थंडीत गोठू नये म्हणून 3 अंशांच्या आसपास आपोआप उघडणारा निचरा-व्हॉल्व्ह सोबत येतो. हिमालयात त्याचं मोल आहे. गोव्यात तो स्वतःहून कधीच उघडणार नाही, तरी काढून टाकू नका, टाकी रिकामी करायला तोच सोयीचा.

आता स्वस्तातल्या पर्यायाकडे. म्हापशात किंवा मडगावात कुठल्याही भांड्यांच्या, नळसामानाच्या दुकानात मिनिटाला 6 लिटरवाला गॅस गिझर चार-सहा हजारांत मिळतो, आणि व्हॅन स्वतः बांधणाऱ्या बऱ्याच जणांची नजर त्यावर जाते. हा गिझर व्हॅनमध्ये घेऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. कारणं दोन, आणि पहिलं जिवाशी गाठ असलेलं. त्याचा बर्नर खोलीतलीच हवा वापरतो आणि धूर खोलीतच सोडतो. बंद न्हाणीघरात अशा गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. त्या न्हाणीघरापेक्षा व्हॅनचा शॉवर कितीतरी लहान असतो. खिडकी उघडी ठेवीन, हे उत्तर नव्हे. बाहेर पाऊस, डास किंवा शेजारची गाडी असली की ती बंद होते.

दुसरं कारण शुद्ध हिशेबाचं आहे. 6 लिटरच्या गिझरची ताकद साडेदहा-अकरा किलोवॅट. व्हॅनच्या शॉवरला गोव्यात लागतात साडेतीन. ज्योत अगदी बारीक केली तरी चार-साडेचार किलोवॅटच्या खाली हे गिझर सहसा जात नाहीत. मग मिनिटाला 3 लिटर वाहणारं 26 अंशांचं पाणी 46-47 अंशांवर बाहेर येतं. भाजतं म्हणून आपण गार नळ उघडतो. त्यामुळे गिझरमधून जाणारा प्रवाह आणखी कमी होतो, पाण्याच्या जोरावर गॅस उघडणाऱ्या आतल्या रबरी पडद्यावरचा दाब घटतो आणि गिझर विझतो. पाणी गार झालं म्हणून गार नळ बंद केला, की गिझर पुन्हा पेटतो आणि नळीत अडकलेलं तापलेलं पाणी अंगावर येतं. गार-गरम-गार हा खेळ गिझर बिघडल्याने होत नाही. तो या हवेला आणि या प्रवाहाला मोठा पडतो. हिवाळा-उन्हाळ्याची कळ उन्हाळ्यावर ठेवून थोडं सुधारतं, पूर्ण जात नाही. ज्यांना गॅस गिझरच हवा, त्यांनी तो गाडीच्या मागच्या दाराबाहेर कंसावर टांगून, उघड्यावरच्या शॉवरपुरताच वापरावा आणि आत कधीही पेटवू नये. तेही किनाऱ्यावर नको. गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाकाला बंदी आहे, आणि वाळूत सिलिंडर मांडून बसलेली गाडी लांबूनच नजरेत भरते.

3 किलोवॅटचा विजेचा इन्स्टंट गिझर बाहेरून वीज मिळत असेल तर उत्तम चालतो. 26 चं पाणी 39 वर न्यायला तो मिनिटाला 3.3 लिटर देतो, व्हॅनला तेवढंच हवं. अडचण सॉकेटची. त्याला 13 अँपिअर लागतात, म्हणजे 16 अँपिअरचा मोठ्या पिनांचा सॉकेट. होमस्टेच्या अंगणातला सॉकेट बहुतेक वेळा 6 अँपिअरचा असतो, आणि अॅडॉप्टर लावून 3 किलोवॅट ओढले की आधी प्लग वितळतो. एक्स्टेन्शनची वायर 2.5 चौरस मिलिमीटरची हवी, गुंडाळी पूर्ण सोडलेली हवी आणि अर्थिंग खरं हवं. व्होल्टेज 200 वर आलं तर 3 किलोवॅटचा गिझर सव्वादोन किलोवॅटचाच उरतो. पाणी कोमट झालं तर शॉवरची धार बारीक करा. बॅटरीवर याचा विचारही नको, 12 व्होल्टवर अडीचशेच्या वर अँपिअर लागतील.

अमेरिकेतून आणलेल्या जुन्या ट्रेलरमध्ये सबर्बनचा 6 गॅलनचा, म्हणजे सुमारे 22.7 लिटरचा हीटर असतो. गॅसवर तो ताशी 12,000 बीटीयू, साडेतीन किलोवॅट देतो, आणि त्याबद्दल तक्रार नाही. सांभाळायचं ते विजेच्या घटकाकडे. तो 120 व्होल्टला 1440 वॅटचा असतो. आपल्या 230 व्होल्टला थेट जोडला तर पाच हजार वॅटच्या वर ओढतो आणि काही क्षणांत जळतो. एक तर पुरेशा ताकदीचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावा, नाहीतर त्या घटकाची तार सोडून ठेवा आणि गॅसवरच चालवा. या टाकीत मॅग्नेशियमचा अॅनोड दांडा असतो. तो स्वतः गंजतो आणि टाकीला वाचवतो. 27 मिलिमीटरच्या पान्याने तो निघतो. आधी हीटर बंद करा, पाणी गार होऊ द्या, पंप बंद करून गरम नळ उघडून दाब सोडा, मग दांडा फिरवा. गरम टाकीवर पाना लावणाऱ्याच्या तोंडावर उकळतं पाणी येतं. दांड्याचा तीन-चतुर्थांश भाग गेला असेल तर नवा घाला.

गोव्यात हा दांडा किती टिकेल ते पाणी कुठून भरता यावर ठरतं. ओपा, अस्नोडा किंवा साळावलीच्या जलप्रकल्पातून आलेलं नळाचं पाणी भरत असाल तर वर्षातून एकदा बघणं पुरे. किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. त्या पाण्याने दांडा लवकर खलास होतो आणि घटकावरही परिणाम होतो. आतल्या भागातल्या, जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. क्षार साचत नाहीत, पण धातू हळूहळू खाल्ला जातो. पुण्या-सोलापूरकडून येणाऱ्यांना क्षार काढायला सायट्रिक अॅसिड लागतं ते तिकडच्या पाण्यासाठी. खाणपट्ट्यात, डिचोली-सांगेच्या बाजूला, पाणी लालसर दिसलं तर आधी फिल्टर लावा. गाळ टाकीच्या तळाशी बसतो आणि गरम पाण्याची जागा खातो.

इंजिनच्या उष्णतेवर तापणारी टाकी हा आणखी एक चांगला पर्याय, आणि रोज मुक्काम हलवणाऱ्यांना तर सर्वांत स्वस्त. इंजिनचं कूलंट 80-90 अंशांचं असतं. ते टाकीतल्या वेटोळ्यातून फिरवलं की अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासात 10-15 लिटर पाणी तापतं. पेडण्याहून काणकोणला जाईपर्यंत ते कडकडीत होईल. मात्र आश्वेला तीन दिवस गाडी हलवायची नसेल तर दुसऱ्या दिवशी हात टेकावे लागतात, म्हणून अशा टाकीत 500 ते 800 वॅटचा विजेचा घटक असलेलाच नमुना घ्या. या टाकीतलं पाणी 80 अंशांच्या पुढे जाऊ शकतं, तेव्हा पुढे थर्मोस्टॅटिक मिक्सर, म्हणजे गार-गरम पाणी ठरवलेल्या तापमानाला आपोआप मिसळणारा नळ, सक्तीचाच.

छतावर काळा रंग दिलेला 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, दोन मीटर लांबीचा, यात सुमारे 16 लिटर पाणी मावतं. मार्चनंतर दुपारी तीनला भरलेलं पाणी संध्याकाळी आंघोळीइतकं गरम असतंच. समुद्रातून येऊन अंगावरचं मीठ धुवायचं असेल तर हीटर चालू करायची गरजच नाही. सकाळी तो पाइप गार असतो, आणि छतावर 16 किलो जादा वजन चोर्ल्याच्या वळणांवर जाणवतं, इतकंच.

आता नळ्या. पाणी पुरत नाही या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच असतं.

पंप मिनिटाला 10 लिटरचा आणि शॉवर 4 लिटरचा असला की पंप सारखा चालू-बंद होतो. प्रत्येक झटक्याला गरम आणि गार नळांतला दाब वेगळा होतो आणि पाण्याचं तापमान हेलकावे खातं. उपाय: पंपानंतर पाऊण ते एक लिटरचा प्रेशर अॅक्युम्युलेटर, म्हणजे आतल्या हवेच्या गादीने पाण्याचा दाब सारखा ठेवणारा छोटा डबा. त्यातली हवा, पाण्याचा दाब शून्य असताना, पंप ज्या दाबाला सुरू होतो त्याच्या किंचित खाली भरावी. सायकलचा दाबमापकाचा पंप चालतो. अॅक्युम्युलेटर गार-गरम फाटा फुटण्याआधी बसवा, फाट्यानंतर एकाच नळीवर बसवला तर असमतोल वाढतो.

शॉवरच्या मुठीवरचं बटण दाबून पाणी थांबवलं आणि मिक्सरचे दोन्ही नळ उघडेच ठेवले, तर गार पाणी गरम नळीत आणि गरम पाणी गार नळीत शिरायला रस्ता मोकळा मिळतो. साबण लावून झाल्यावर पाणी आधी गार, मग एकदम कढत येतं ते यामुळे. मिक्सरच्या दोन्ही बाजूंना एकेक एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेला जाऊ देणारी झडप, लावली की हा त्रास संपतो. दोनशे-तीनशे रुपयांचं काम, आणि ते न केल्यामुळे कितीतरी लोक हीटर बदलायला निघतात. बाहेरच्या शॉवरचे नळही तपासा. बाहेरचा शॉवर मुठीवर बंद आणि मागचे दोन्ही नळ उघडे, हे तर हमखास सापडतं.

अमेरिकी ट्रेलरमध्ये हीटरच्या मागे बायपासचा व्हॉल्व्ह असतो, थंडीत टाकी वगळण्यासाठी. तो उघडा राहिला की गार पाणी टाकी टाळून थेट गरम नळीत जातं. हीटर तापलेला, पण नळाला पाणी कोमट, असं असेल तर सगळ्यात आधी तिथे बघा. टाकीतून निघणाऱ्या नळीला हात लावा: ती कढत आणि शॉवरपर्यंत पोहोचेपर्यंत कोमट, म्हणजे बायपास किंवा मिसळ. नळीच कोमट, म्हणजे दोष हीटरमध्ये किंवा गॅसमध्ये.

हीटर आणि शॉवर यांत चार मीटर नळी असेल, 12 मिलिमीटर आतल्या व्यासाची, तर पहिलं जवळजवळ अर्धा लिटर पाणी गार येणार. ते बालदीत धरा, भांडी धुवायला लागतं. गरम नळीला फोमचं कवच घाला. नळी गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची, पेक्सची किंवा सीपीव्हीसीची हवी. बागेतली पारदर्शक नळी 65 अंशांवर मऊ होते आणि क्लिपमधून सटकते.

मिक्सर थर्मोस्टॅटिक असावा, 41-42 अंशांवर अडवलेला, मुलं असतील तर 39 वर. टाकी गरम ठेवायचीच झाली तर 60 अंशांच्या वर ठेवा. दोन-तीन दिवस 35-40 वर कोमट राहिलेलं पाणी लिजिओनेला जिवाणूंना मानवतं, आणि त्याच पाण्याचे बारीक तुषार शॉवरमध्ये श्वासातून आत जातात.

गॅसची जोडणी जाणत्या माणसाकडूनच करून घ्या, पण काय करून घ्यायचं ते तुम्हाला माहीत हवं. सिलिंडरची कपाट-जागा गाडीच्या आतल्या भागापासून बंद, आणि तिच्या तळाला बाहेर उघडणारं भोक, कारण एलपीजी हवेहून जड असतो आणि खाली साचतो. सिलिंडर पट्ट्याने बांधलेला, उभा. रेग्युलेटरपासून थोडीच सुरक्षा नळी, पुढे तांब्याची, प्रत्येक अर्ध्या मीटरला चिमट्याने धरलेली. प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र कॉक. जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघणे, काडी पेटवून कधीच नाही. आत गॅस-गळतीचा अलार्म जमिनीजवळ आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपण्याच्या उंचीवर. गाडी चालताना सिलिंडर बंद, पेट्रोल पंपावर बंद, आणि चोडण किंवा तेरेखोलच्या फेरीबोटीवर चढण्याआधीही बंद.

समुद्राकाठी हीटर बंद पडण्याची दोन कारणं वरचेवर दिसतात. एक, खारी हवा: ठिणगीच्या इलेक्ट्रोडवर आणि सर्किटच्या जोडांवर हिरवट-पांढरा थर येतो, ठिणगी टक टक करते पण ज्योत पेटत नाही. जोड काढून, बारीक पॉलिश पेपरने पुसून, वर कॉन्टॅक्ट स्प्रे मारला की बहुधा चालू होतो. दुसरं, कुंभारीण माशी आणि कोळी. गाडी महिनाभर उभी राहिली की बर्नरच्या नळीत मातीचं घर किंवा जाळं तयार. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसते, जाळीवर काजळी येते. बर्नरची नळी बाटली धुवायच्या ब्रशने साफ करा, जेटमध्ये सुई घालू नका, भोक मोठं होतं. धुराच्या जाळीवर बारीक जाळी लावायचा मोह टाळा. हवा अडते आणि ज्वलन बिघडतं. उत्पादकाची जाळी मिळत असेल तीच लावा. धुराचं तोंड भिंतीला किंवा तंबूच्या कापडाला चिकटून उभं करू नका.

साबणाचं पाणी कुठे जातं हेही पाहा. मोरजी, आगोंद आणि गालजीबाग हे कासवांच्या विणीचे किनारे. तिथे गाडीच्या खालची सांडपाण्याची टाकी वाळूत सोडायची नाही. 20 लिटरचा डबा शॉवरच्या निचऱ्याला जोडला तर एका माणसाची आंघोळ आत मावते. दोघांसाठी मधे एकदा रिकामा करावा लागतो.

खरेदीबद्दल थोडक्यात. बाहेरची वीज मिळणाऱ्या जागीच मुक्काम करणार असाल, तर 3 किलोवॅटचा इन्स्टंट गिझर, त्याच्या पुढे थर्मोस्टॅटिक मिक्सर आणि 4 लिटरचा शॉवर, एवढ्यावर दहा हजारांच्या आत काम होतं. लिथियम बॅटरी आधीच असेल तर इंजिनवर आणि विजेवर तापणारी 10-15 लिटरची टाकी घ्या आणि गॅसचा हीटर विसरा. व्हॅनमधल्या गॅसजोडणीचा एक धोका तेवढाच कमी. गाडी मोल्यात, सत्तरीत किंवा घाटावर नेणार असाल, जिथे डिसेंबर-जानेवारीची पहाट किनाऱ्याहून बरीच गार असते, तरच गॅस-वीज दोन्हीवाला बंद ज्वलनकक्षाचा हीटर पैसे वसूल करतो. तेव्हाही 10 की 14 हे ठरवताना माणसं मोजा, थंडी नव्हे.

जूनमध्ये गाडी उभी करून ठेवताना टाकी पूर्ण रिकामी करा, निचरा-व्हॉल्व्ह उघडा ठेवा, अॅनोड असेल तर बाहेर काढून कोरडा करा, शॉवरची नळी सोडवून उलटी टांगा. सप्टेंबरअखेरीस पहिल्यांदा पाणी भरताना गरम नळ उघडा ठेवून भरा, आतली हवा निघून सलग धार येईपर्यंत. त्याआधी हीटर चालू केला तर विजेचा घटक कोरडा तापतो आणि जळतो.